वसंत बापट, मोठ्याने : कराडातल्या अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

४ मे
कार्यक्रम ठरला. कवी वसंत बापटांच्या जन्मदिनाच्या मागेपुढे कराडात दोन तासांचं अभिवाचन करायचं. २५ जुलैला शुक्रवार येतो, म्हणून रविवार २७ जुलै धरला. बापटांचा जन्म कराडचा, १९२२ सालचा. ‘सदैव सैनिका’ किंवा ‘देह मंदिर चित्त मंदिर’ शाळेत म्हटलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. ती गाणी ज्याने लिहिली तो आपल्याच गावात जन्मला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मला याची खंत फार दिवसांची आहे.

वाचणारे सहा जण : शाळेतल्या दोन बाई, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, दवाखान्यात नोकरी करणारी एक मुलगी आणि मी. शिवाय एक काकू. त्या मुंबईला रुईया महाविद्यालयात बापटांच्या विद्यार्थिनी होत्या. बापटांना वर्गात शिकवताना ऐकलेलं आमच्यातलं हे एकमेव माणूस.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट नक्की केली. भाषण नको, अध्यक्ष नको, सत्कार नको, प्रतिमापूजनात अर्धा तास घालवायचा नाही. जो माणूस आयुष्यभर कविता वर्गात शिकवत आला, मांडवात म्हणत आला, कलापथकात नाचवत आला, त्याची आठवण कविता मोठ्याने म्हणूनच काढायची. पुढच्या सगळ्या निर्णयांना हीच कसोटी.

या नोंदी मांडून ठेवतो आहे, कारण आपल्या गावच्या एखाद्या शिक्षक-कवीसाठी असं काही करू पाहणारे बरेच असतात, आणि नेमकं कुठे अडतं, किती पैसे लागतात हे कुणी लिहून ठेवत नाही.

११ मे
संहितेच्या आधी पुस्तकं. ‘बिजली’ (१९५२), ‘सेतू’ (१९५७) आणि ‘अकरावी दिशा’ (१९६२) हे तीन संग्रह हवे होते. दुकानात काही मिळालं नाही. एक संग्रह काकांच्या घरी होता, मलपृष्ठ गेलेला. एक गावातल्या वाचनालयात मिळाला. तिसऱ्यासाठी मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात जावं लागलं आणि तिथे फोटो काढू देतात की नाही हे आधी विचारलं नव्हतं, म्हणून पहिली खेप लिहून घेण्यातच गेली.

इंटरनेटवर सगळं मिळतं, एवढी धावपळ कशाला, असं आमच्यातल्या धाकट्यांचं म्हणणं होतं. म्हणून एक प्रयोग केला. चार कविता जालावरून उतरवून घेतल्या आणि छापील पुस्तकाशेजारी ठेवल्या. चारांतल्या एकीतही फरक नाही असं झालं नाही. कुठे ओळ गळलेली, कुठे कडव्यांचा क्रम उलटा, कुठे ‘तुवा’चं ‘तुला’ झालेलं. ‘तुवा’ आणि ‘तुला’ दोन्ही लघु-गुरू, त्यामुळे म्हणताना चाल अडखळत नाही आणि चूक लक्षातही येत नाही. छापील प्रतच हवी. ज्या कवितेची छापील प्रत हाती आली नाही ती कार्यक्रमात नाही, हा नियम तिथेच केला. दोन आवडत्या कविता त्यापायी गेल्या. वाईट वाटलं, पण ज्यांनी शब्द तोलून वापरला त्यांचा शब्द आपण अंदाजाने म्हणायचा, हे पटण्यासारखं नव्हतं.

१८ मे
पहिला खर्डा वाचला. तीन भाग केले होते : प्राध्यापक बापट, कवी बापट, कलावंत बापट. कागदावर छान दिसत होतं. वाचायला बसलो आणि वीस मिनिटांत सगळे थकले.

पहिल्या भागात नुसती माहिती झाली. पुण्याला स. प. महाविद्यालयात शिक्षण, बेचाळीसच्या चळवळीतला सहभाग आणि तुरुंगवास, मग मुंबईत नॅशनल आणि रुईया महाविद्यालयांत अध्यापन, पुढे मुंबई विद्यापीठात रवींद्रनाथ टागोर अध्यासन. सगळं खरं, सगळं आदराने लिहिलेलं, आणि ऐकताना निधनवार्ता वाचल्यासारखं. दुसऱ्या भागात एकामागून एक कविता. तिसऱ्या भागापर्यंत कुणाचे कान उरले नव्हते.

काकू शांत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अरे, सर वर्गात आले की तिघंही एकदमच यायचे. तू त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंस.” त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. खर्डा बाजूला ठेवला.

२५ मे
नवी रचना. भाग नाहीत. एकेक कविता घ्यायची आणि ती तीन वाटांनी लोकांपर्यंत न्यायची. आधी ती म्हणायची. मग तिच्यातलं एखादं कोडं, म्हणजे लय, शब्द किंवा संदर्भ, शिक्षकाने उलगडावं तसं दोन-तीन मिनिटांत उलगडायचं. मग तीच कविता पुन्हा म्हणायची, या वेळी उभं राहून, हालचालीने, शक्य तिथे सगळ्यांनी मिळून. चरित्रातलं जे काही सांगायचं ते या उलगडण्याच्या ओघात येईल तेवढंच.

यामुळे कवितांची संख्या बाविसावरून नऊवर आली. निवडीवरून वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. ‘केवळ माझा सह्यकडा’, ‘बाभुळझाड’, ‘फुंकर’ आणि ‘दख्खन राणी’ यांवर सगळ्यांचं एकमत. सिनेमातलं ‘गगन सदन’ घ्यावं असा शाळेतल्या बाईंचा आग्रह होता. १९८२ च्या ‘उंबरठा’तली ही प्रार्थना, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा. घेतलं, पण न गाता. ती चाल लोकांच्या कानात इतकी बसली आहे की शब्दांकडे कुणाचं लक्ष जात नाही. चाल काढून नुसते शब्द सावकाश म्हटले तेव्हा खोलीतले सगळे मान वर करून बघायला लागले. ही प्रार्थना आहे हे तेव्हा नव्याने ऐकू आलं.

१ जून
आठवणींचा प्रश्न. कार्यक्रमाची बातमी फुटल्यावर लोक किस्से सांगायला लागले. बापट असं म्हणाले, बापटांनी तसं उत्तर दिलं. लिहून घेतले. मग ताडून बघितले तर त्यातला एक किस्सा मी विंदा करंदीकरांच्या नावावर ऐकलेला होता, एक मंगेश पाडगावकरांच्या. करंदीकर, पाडगावकर आणि बापट या तिघांनी मिळून गावोगाव काव्यवाचनं केली, तिघांचीही नावं एका दमात घेतली जातात, त्यामुळे किस्सेही इकडचे तिकडे झाले आहेत. कुणाचा खोटेपणा नाही यात. पण मंचावरून आपण सांगितलं की ते खरं धरलं जातं.

ठरलं ते असं : जो तिथे होता त्यानेच, जे स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकीव किस्सा कितीही गोड असला तरी नाही. या नियमाने आठवण सांगणारं माणूस एकच उरलं, काकू. त्यांना संहिता लिहून द्यायची नाही, तालमीत बोलायला लावायचं नाही, त्या दिवशी त्यांना जे सांगावंसं वाटेल ते सांगतील. वेळेची अट फक्त सात मिनिटांची.

८ जून
तालीम सुरू. इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो आहे आणि गेला तरी चालेल, कारण सगळा कार्यक्रम यावरच उभा आहे. जरा सविस्तर लिहितो.

‘सदैव सैनिका, पुढेच जायचे’ हे शब्द लगावलीत मांडून पाहिले : लघु, गुरू, लघु, गुरू, शेवटपर्यंत असंच. ‘सदैव सैनिका’ म्हणजे लगा लगा लगा, ‘पुढेच जायचे’ म्हणजे पुन्हा लगा लगा लगा. कवीने पावलांची लय शब्दांतच भरून ठेवली आहे. आमचे वाचक त्यावर आणखी जोर देत होते, प्रत्येक गुरूवर घाव. दोन कडव्यांत कवायत झाली आणि अर्थ मैदानाबाहेर गेला. मग उलट करून पाहिलं, लय विसरून गद्यासारखं अर्थानुसार वाचायचं. तेही फसलं, कविता बसकण मारून बसली.

जमलं ते असं. लय पायात ठेवायची आणि आवाज अर्थाकडे सोडायचा. प्रत्येकाने अंगठ्याने बुटाच्या आत ठेका धरायचा, बाहेर काही दिसता कामा नये, आणि एका श्वासात दोन ओळी घ्यायच्या. श्वास लांबला की घाव आपोआप कमी झाले. काकांना दम पुरत नव्हता, त्यांच्या वाट्याला एकेक ओळ दिली आणि ती ओळ आता सगळ्यांत चांगली वाजते.

१५ जून
‘केवळ माझा सह्यकडा’. पहिली ओळ, ‘भव्य हिमालय तुमचा अमुचा’, सोळा मात्रांची. पुढची चौदांची. पण आमच्या विद्यार्थ्याने म्हटली की दुसरी ओळ दर वेळी लंगडायची. सुरुवातीला वाटलं, घाई करतो आहे. सावकाश म्हणायला लावलं, तरी तेच. मग मात्रा मोजल्या. केवळ चार, माझा चार, सह्यकडा सहा, बेरीज चौदा. तो ‘सह्य’मधला ‘स’ हलका घेत होता, आपण बोलताना ‘ह्य’च्या आधीचं अक्षर बऱ्याचदा हलकंच घेतो तसं. त्यामुळे एक मात्रा कमी पडत होती. ‘स’वर वजन दिलं, ‘सह्‌’ असा पाय रोवून मग ‘यकडा’, आणि ओळ कड्यासारखी उभी राहिली.

हे सापडलं तेव्हाचा आनंद सांगता येत नाही. मी बाईंना म्हटलं, हा भाग कार्यक्रमात घ्यायचा. आधी हलकं म्हणून दाखवायचं, मग वजन देऊन, श्रोत्यांना दोन्ही ऐकू द्यायचं. मात्रा, वृत्त हे शब्द न उच्चारता. वर्गात कविता शिकवण्याचं काम याहून वेगळं काय असतं?

‘बाभुळझाड’मध्ये उलटा प्रकार. ‘अस्सल लाकूड भक्कम गाठ’ या ओळीच्या मात्रा सोळा, पुढची ‘ताठर कणा टणक पाठ’ तेरा. मात्रा जुळत नाहीत, आणि बाई त्या जुळवायला जाऊन ‘कणा’ ताणत होत्या. इथे मोजायचे ते आघात. दोन्ही ओळींत आघात चारच आहेत : अस्सल, लाकूड, भक्कम, गाठ, ताठर, कणा, टणक, पाठ. चार टाळ्यांवर म्हटलं की सरळ होतं. टाळ्या नंतर काढून टाकायच्या. आणि ‘वारा खात, गारा खात’ या ठिकाणी थांबायचं नाही. तिथे थांबलं की झाडाची कीव येते, आणि त्या झाडाला कुणाची कीव नको आहे.

२२ जून
विद्यार्थ्याने बापट-करंदीकर-पाडगावकरांच्या वाचनाचं जुनं ध्वनिमुद्रण मिळवून ऐकलं, आणि तालमीला आला तो दुसऱ्याचाच आवाज घेऊन. हेल, थांबे, शेवटच्या शब्दावरचा झटका, सगळं उचललेलं. हुबेहूब होतं, त्यामुळे बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते लागलं. नकलेत माणूस आठवतो, कविता आठवत नाही. त्याला तसं थेट सांगितलं, पोराने मनावर घेतलं. आता उपाय असा की कविता पूर्ण पाठ होऊन आपल्या आवाजात बसेपर्यंत ध्वनिमुद्रण कुणी ऐकायचं नाही. नंतर ऐका, हवं तितकं ऐका. तेव्हा त्यातून शिकायला मिळतं ते वेगळंच असतं, म्हणजे ते कुठे घाई करत नाहीत हे कळतं.

‘फुंकर’ दवाखान्यातल्या मुलीकडे दिली. परक्यासारखं ‘बसा’ म्हणणारी ती आणि समोर अवघडून बसलेला तो. सगळ्यांना वाटत होतं, ही पुरुषाने म्हणायची कविता. तिने म्हटली तेव्हा कळलं की न बोललेलं जास्त ऐकू आलं. आवाज जवळजवळ कुजबुजीवर. ही कविता मैदानी गाणी लिहिणाऱ्याच कवीची आहे, हे लोकांना कळावं म्हणून ती ‘सदैव सैनिका’नंतर ठेवली.

२९ जून
कलापथकाचा भाग. यावर मी अडकलो होतो.

राष्ट्र सेवा दल १९४१ सालचं, साने गुरुजींच्या प्रेरणेतलं. त्याच्या कलापथकाने गाणी, नाच, लोकनाट्य यांतून गावोगाव माणसं जागी केली. पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकासाठी लिहिलं. निळू फुले, राम नगरकर ही मंडळी पुण्याच्या सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आली. बापट मुंबईच्या पथकाचे, लीलाधर हेगडे यांच्या बरोबरीने उभे राहिलेले. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’सारखे कार्यक्रम त्यातून झाले. प्राध्यापक असलेला माणूस ढोलकीच्या तालावर मंचावर उतरतो, यात त्या काळी मोठं काहीतरी होतं. साहित्याच्या वर्गाला भिंती नसतात, असं ते न बोलता सांगणं होतं.

आता हे दाखवायचं कसं? संहिता हाती नाहीत. स्वतः लोकनाट्य लिहून त्यांच्या नावावर खपवायचं, हे मनातही आणायचं नव्हतं. शेवटी प्रवेश न करता पथकाचा ढंग तेवढा घ्यायचा ठरवलं. पडदा नाही, नेपथ्य नाही. हलगी आणि ढोलकीवाले मंचावरच बसतील, वाचणारे त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात, ज्याची पाळी तो पुढे येईल. शेवटी ‘आभाळाची आम्ही लेकरे’ सगळ्यांनी, श्रोत्यांसकट. माझ्या लहानपणी आमच्या सेवा दलाच्या शाखेत हे रोज म्हटलं जायचं. जात वेगळी नाही, धर्म वेगळा नाही, हे मला कुणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. ते मी गातच मोठा झालो. आज ते गाणं चौकात उभं राहून म्हणण्याची गरज तेव्हापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं, आणि हे गाणं कार्यक्रमात असण्याचं कारण तेच.

६ जुलै
हक्कांचं काम. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी हे आधी करावं, आम्ही उशिरा केलं.

भारतातल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात आणि ही मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. बापटांचं निधन १७ सप्टेंबर २००२ चं, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत त्यांचं लेखन संरक्षित आहे. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर सादरीकरण करायला कायद्यात सूट आहे. म्हणून तिकीट नाही, देणगीची पेटीही दारात नाही. पैसे आधीच वर्गणीने उभे करायचे. मात्र कार्यक्रमाचं चित्रीकरण करून ते जालावर चढवणं या सुटीत बसत नाही. त्यासाठी लेखी परवानगी लागते. आम्ही पत्र पाठवलं आहे. उत्तर येईपर्यंत चित्रीकरण स्वतःपुरतं, कुठेही चढवायचं नाही, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. पत्र मे महिन्यातच गेलं असतं तर बरं झालं असतं.

१३ जुलै
सभागृह बदललं. आधी घेतलं होतं ते स्वस्त, पण वर पत्रा. जुलैचा पाऊस कसा असतो हे कराडकराला सांगायला नको, तरी भाडं बघून घेतलं होतं. तालमीला गेलो आणि सर आली. ‘फुंकर’ सुरू होती. तिसऱ्या रांगेत काही ऐकू येईना. ध्वनीवाल्याने आवाज वाढवला तर कुजबुज घशातल्या घरघरीसारखी वाजायला लागली. कॉलरला लावायचे माइक काढून उभे माइक लावून पाहिले, पावसाचा आवाजही त्यांतून येऊ लागला. पत्र्याखाली ही कविता होणारच नाही, हे मान्य केलं. स्लॅबचं सभागृह घेतलं. आधीची दोन हजारांची अनामत बुडाली, भाडं जवळजवळ दुप्पट.

नव्या ठिकाणी ध्वनीवाल्याकडे एकच मागणी ठेवली : आवाजाला घुमारा देऊ नका. लग्नाकार्यातली सवय असते, आपोआप घुमारा लावला जातो, आणि मग ‘टणक पाठ’मधला ‘ट’ विरघळतो.

हलगीचाही प्रश्न पावसाचाच. दमट हवेत कातडं सैल पडतं, ठणका जाऊन थपथप उरते. हलगीवाले दादा बाहेर शेकोटीवर शेकून आणतात, पण सभागृहाच्या आवारात जाळ करायला मनाई. केस वाळवायचं यंत्र आणून पाहिलं, वरवर तापलं, दोन मिनिटांत पुन्हा सैल. विजेची शेगडी मंचामागे ठेवली, हलगी तिच्यापासून हातभर लांब, सतत फिरवत. हे टिकलं. दोन हलग्या ठेवायच्या, एक वाजत असताना दुसरी शेगडीपाशी. ढोलकीला हा त्रास कमी, तिच्या बोल्टना पाना लावून ताण देता येतो.

२० जुलै
फलकांनी तीन दिवस खाल्ले. दारात सहा फलक लावायचे होते, प्रत्येकावर कवितेच्या दोन ओळी आणि संग्रहाचं नाव. फ्लेक्स करणाऱ्याकडे मजकूर युनिकोडमध्ये पाठवला. त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली. ‘सह्य’चा ‘ह’ पाय मोडून वेगळा, वेलांट्या चुकीच्या अक्षरावर. त्याने जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलं, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या नव्या चुका. ज्या कवितेत एकेका मात्रेसाठी आम्ही आठवडे घालवले तिची वेलांटी चुकवून दारात टांगायची? छापलेले दोन फलक टाकून दिले.

उपाय सोपा निघाला. घरच्या संगणकावर फलकाच्या मापाचं पान करून, अक्षरांच्या आकृत्या करून पीडीएफ दिली. म्हणजे त्याच्याकडे मजकूर जातच नाही, चित्र जातं, आणि फुटायला काही राहत नाही. तरी छापण्याआधी एकाला समोर बसवून मोठ्याने वाचून घ्यावं. डोळा चूक झाकतो, तोंड झाकत नाही.

२५ जुलै
जन्मदिवस. सकाळी प्रीतिसंगमावर गेलो आम्ही चौघं. कोयना फुगलेली, घाटाच्या पायऱ्या पाण्यात. ‘बाभुळझाड’ एकदा म्हटलं आणि तालमीला परतलो.

काकूंना बरं नव्हतं, ताप होता. त्या येऊ शकल्या नाहीत तर त्यांचा भाग दुसऱ्या कुणी वाचायचा का, हा प्रश्न आला. नाही, एवढंच ठरलं. ती सात मिनिटं मोकळी राहिली तरी चालतील.

२७ जुलै
झालं. खुर्च्या दोनशे होत्या, भरल्या, मागे लोक उभे राहिले. पाऊस दुपारपासून होता आणि स्लॅबखाली त्याचा काही त्रास झाला नाही. पाऊण तासाने वीज गेली. जनरेटर घेतला होता, पण तो चालू व्हायला वेळ लागला. तेव्हा ‘केवळ माझा सह्यकडा’ चालू होतं. विद्यार्थी थांबला नाही. माइक मेलेला, दिवे गेलेले, तो पुढे आला आणि उघड्या आवाजात पुढचं कडवं म्हणाला. ‘स’ वजनदार. मागच्या रांगेपर्यंत पोचलं. त्याच पोराने महिन्यापूर्वी दुसऱ्याचा आवाज आणला होता.

काकू आल्या. तापात, शाल पांघरून. खुर्ची दिली होती तरी उभ्या राहूनच बोलल्या, हातात कागद नाही. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ती आठवण त्यांची आहे. एवढंच नोंदवतो की सात मिनिटांची वेळ होऊन गेली, माझ्याकडे घड्याळ होतं, आणि मी ते उलटं करून ठेवलं. शेवटी त्यांनी शिकलेली एक कविता पाठ म्हटली आणि म्हणताना त्यांचा आवाज वीस वर्षांच्या मुलीचा झाला. दवाखान्यातली मुलगी विंगेत उभी होती, तिला त्यानंतर ‘फुंकर’ म्हणायची होती, ती रडत होती. मी क्रम बदलला, मधे हलगी वाजवायला सांगितली. चार-पाच मिनिटं वाजली. मग तिने म्हटली.

शेवटचं गाणं ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी. दुसऱ्या कडव्याचे शब्द बऱ्याच जणांना येत नव्हते. शब्दांचा कागद आधी खुर्च्यांवर ठेवायला हवा. पुढच्या वेळी ठेवू.

३ ऑगस्ट
हिशेब :
सभागृह, तालमीच्या सत्रासह : ७,५०० रुपये
बुडालेली अनामत : २,०००
ध्वनी : ६,०००
जनरेटर : २,५००
हलगी-ढोलकी मानधन : ४,०००
फलक, टाकून दिलेले धरून : ३,२००
झेरॉक्स आणि प्रवास : २,३५०
चहा-नाश्ता : २,८००
एकूण ३०,३५०. वर्गणी आणि दोन घरगुती देणग्या मिळून ३२,००० जमले होते. उरलेल्या १,६५० मधून काकांच्या प्रतीची बांधणी करून घेतो आहे, मलपृष्ठ गेलेल्या त्या संग्रहाची.

कुठे पैसे वाचले असते : पहिल्यापासून स्लॅबचं सभागृह घेतलं असतं आणि फलकांचा मजकूर चित्र करून दिला असता, तर तीनेक हजार. कुठे वाचवू नयेत : हलगीवाल्यांच्या मानधनात आणि सभागृहातल्या तालमीत. ती एक तालीम नसती तर पत्र्याखालचा घोळ कार्यक्रमाच्या दिवशी कळला असता.

चित्रीकरणाच्या परवानगीचं उत्तर अजून नाही. आलं तर पुढे नोंदवीन.

तालुक्यातल्या दोन शाळांनी हाच कार्यक्रम आपल्याकडे मागितला आहे. १७ सप्टेंबरच्या आठवड्यात जाऊ. शाळेसाठी दोन तास जास्त होतात, म्हणून पाच कविता आणि पन्नास मिनिटं. ‘दख्खन राणी’ मुलांनीच म्हणायची, आम्ही फक्त ठेका धरायचा. छापील पाठ त्यांच्या बाईंना याच आठवड्यात पाठवतो. काकूंना विचारलं, येणार का? म्हणाल्या, “गाडीची सोय बघ, आणि मुलांना पहिल्या रांगेत बसव. पाहुणे मागे.”